फियाटची दारं

खांदा कॉलनीच्या मागे जे जुनं गावठाण उरलंय, तिथं जाऊन कृष्णकांत घरत कुठे राहतात असं विचारलंत तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. किसू डायवर म्हणा, लगेच घर दाखवतील आणि वर सांगतील, "पन घरी नसंल तो."

आणि खरंच नसतो. साठी जवळ आली तरी या माणसाच्या पायाची भिंगरी थांबलेली नाही. जेवायला बसला की अर्ध्या भाकरीवर उठून नळ बंद आहे का बघून येतो. कुणाच्या मयताला गेला तर लाकडं, मडकं, दोर सगळ्यासाठी पहिला हा पळतो, आणि घरातल्या माणसांजवळ बसून दोन शब्द बोलायची वेळ आली की गायब. स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआडून त्याने "अजून लय हाय का?" असं विचारलं होतं. ही गोष्ट त्याची बायको मालू अजून चारचौघांत सांगते, हसत सांगते, पण ते हसणं दर वेळी थोडं कमी होत चाललंय. बाईने एका वाऱ्याशी संसार केला, वर त्या वाऱ्याला दोन वेळा जेवायला घातलं, याचं कौतुक गावाला नाही. गावाला कौतुक फक्त किसूच्या पळापळीचं.

बाप मिठागरात राबणारा. खाडीच्या वाऱ्यात मीठ ओढता ओढता बापाचं अख्खं आयुष्य मिठाच्या चौकोनांत गेलं, आणि पोराला चौकोनात उभं राहणंच जमेना. शाळेत मास्तरांनी शेवटी त्याला घंटा वाजवायचं काम दिलं. नाहीतरी पोरगं उठणारच, निदान कामाने तरी उठेल. पुढे मिठागरं गेली, खाडीत भराव पडला, पण किसू त्याच्या कितीतरी आधीच तिथून निघाला होता. त्याने एक जुनी फियाट घेतली आणि पनवेल ते उरण टॅक्सी चालवायला लागला. बसल्या जागी फिरता येतं हे कळल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा बसला.

त्याची आई गुणाबाई बरोबर उलटी. एकदा बसली की बसली. ती धवलारीण. आगरी लग्नात मांडव उभा राहतो तेव्हापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि ते गाऊन विधी लावणाऱ्या बाईला धवलारीण. लग्नसराईत गुणाबाईला गावोगावचं बोलावणं यायचं, आणि त्या दिवसांत किसू बाकीची भाडी सोडून तिला फियाटमधून न्यायचा. ती मागे, डाव्या दाराला टेकून बसायची. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं की किसू स्टिअरिंगवर बोटं आपटायचा, उतरायचा, फाटकवाल्याशी हुज्जत घालून परत यायचा. ती मागे डोळे मिटून त्या दिवशीच्या घरातली नावं गाण्यात घालून बघायची. कारण धवल्यात घरच्यांची नावं यावी लागतात. नवरीचा बाप, काका, मामा, आत्या, एकेकाचा मान असतो, आणि एखादं नाव राहून गेलं तर तो माणूस वर्षभर तोंड फुगवून फिरतो. गुणाबाईच्या हातून कधी कुणाचं नाव राहिलं नाही.

मांडवात मात्र किसू कधी शिरला नाही. बाहेर गाडी पुसत, फेऱ्या मारत, दुसऱ्या ड्रायव्हरांशी गप्पा ठोकत थांबायचा. आतल्या बायका गुणाबाईला विचारायच्या, "कुनासंगं आलीस गो?" ती म्हणायची, "डायवर हाय माजा." मग हा बाहेरून ओरडायचा, "डायवर नाय, मुलगा हाय!" आणि सगळा मांडव हसायचा. मायलेकांचा हा ठरलेला खेळ होता.

गेल्या वर्षापासून गुणाबाई त्याला फक्त डायवरच म्हणायला लागली. डायवर, जेवलास काय? डायवर, मालू कुठं गेली? घरातले हसले, आणि सगळ्यांत जोरात किसू हसला. मग एकदा तिने चहा घेऊन आलेल्या मालूला हळूच विचारलं, "यो डायवर आपल्याकडंच रातो काय गो?" मालू हसली नाही. तिने हे किसूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मस्करी करते ती. आजपासनं करते काय?" आणि चपला पायात सरकवून बाहेर पडला. त्या दिवसापासून तो आईशी खोलीच्या उंबऱ्यातूनच बोलायला लागला. गोळ्या घेतल्यास काय, पंखा लावू काय, आणि चालू पडायचा. आत जाऊन घटकाभर बसला असता तर खरं काय ते कळलं असतं. म्हणून तर तो बसत नव्हता.

अशात अंकिताचं लग्न ठरलं. अंकिता ही कमळाकरची मुलगी, आणि कमळाकर म्हणजे किसूचा थोरला भाऊ. गल्लीच्या टोकाला त्याचं तीन मजली घर, बांधकामाच्या धंद्यात जम बसलेला, बोलणं मोजकं. अंकिताने एकच हट्ट धरला, माझ्या मांडवात आजीच गाणार. कमळाकरला धास्ती. भरल्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, आई मध्येच अडकली तर? हल्ली तर जो तो मोबाइल उगारूनच उभा असतो. त्याने शिरढोणच्या एका धवलारीणबाईंना विचारून ठेवलं आणि किसूला गाठलं.

"किसू, आईस तुज्याकडं राते. तुलाच म्हाईत. गाईल का ती? खरं काय ते सांग."

"गाईल ना! काय झालंय तिला?" किसू म्हणाला. तेव्हाही तो एका पायावर उभा होता. "आन दादा, तिला मी फियाटमधनं आननार. पयल्यासारखी."

फियाटचा विषय निघाला की बाकीचे विषय आपोआप मागे पडतात, हे किसूला चांगलं ठाऊक होतं.

टॅक्सीचा धंदा सोडल्यापासून ती गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. किसूने दिवाळीनंतर तिला हात घातला आणि घरातून तो उठलाच. इंजिन झालं, पत्र्याचं काम झालं, रंग झाला. जुन्या गाडीचं काम कधी संपत नाही, एक स्क्रू सोडवला की चार नवी कामं निघतात, आणि याला तर तेच हवं होतं. दारांची बाहेरची हँडलं आणि काचा वरखाली करायची हँडलं निकल चढवायला कळंबोलीला दिली होती. दारांची आतली पॅडं, म्हणजे दाराच्या आतला सांगाडा झाकणारे रेक्झिन चढवलेले हार्डबोर्ड, ती तिथल्याच ट्रक टर्मिनलजवळ सीटा शिवणाऱ्या उदयसिंहने करून दिली. डाळिंबी रंग, मूळचा होता तसाच, आणि कडेने पांढरी पट्टी.

उदयसिंह किसूला ओळखून होता. पॅडं हातात देताना म्हणाला, "किसूभाऊ, जल्दी नाही करायची. दाराच्या आत कुलपाची सळी आहे ना, ती पहिली आतल्या हँडलला जोडा. दार उघडून बघा, लावून बघा. मग पॅड. एकदा क्लिपा बसल्या की काढताना बोर्ड फाटतो. फाटला तर माझ्याकडे यायचं नाही."

"मला सांगतोस? गाडी माजी हाय," किसू म्हणाला आणि उदयसिंहचं बोलणं पुरतं संपायच्या आत टेम्पोत चढला.

मांडवाच्या आदल्या दिवशी दुपारी तो कामाला बसला. बसला हे आपलं म्हणायचं. सळ्या हँडलांना अडकवायच्या बारक्या क्लिपा पनवेलला हितेशच्या स्पेअर पार्टच्या दुकानात होत्या, आणि हितेश दुकान बंद करून जेवायला गेला होता. संध्याकाळी या, असं त्याने फोनवर सांगितलं. दुसरा कुणी असता तर संध्याकाळपर्यंत थांबला असता. किसूने पॅडं उचलली. नुसती लावून बघू, दिसतात कशी ते बघू, मग काढू. पहिल्या दाराला त्याने पॅड टेकवलं, क्लिपा भोकांसमोर आणल्या आणि तळहाताने ठोकत गेला. टक टक टक करत क्लिपा आत गेल्या, आणि आतापर्यंत नुसता पत्रा, भोकं आणि तारा दाखवणारं ते दार एकदम नटून बसलं. मग कुठला थांबतोय! दुसरं लावलं, तिसरं लावलं, चौथं लावलं.

आता दारांचा आवाज ऐकायचा राहिला होता. पॅड नसलेलं दार लावलं की डबा पडल्यासारखं खणकन वाजतं. पॅड बसलं की आवाज भरीव होतो. फियाटचा तो जुना आवाज त्याला आईला ऐकवायचा होता. तो ऐकून तिला काही आठवलं तर, असं त्याच्या मनात होतं, पण हे त्याने स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं. त्याने खोलीत जाऊन गुणाबाईला हाताला धरून आणलं आणि मागे डाव्या बाजूला बसवलं.

"ऐक हां आये," म्हणाला आणि तिचं दार लावलं. ठप्प. पळत पलीकडे जाऊन मागचं दुसरं लावलं. ठप्प. पुढचं डावीकडचं, ठप्प. शेवटी स्वतः स्टिअरिंगमागे बसला आणि आपलं दार ओढून घेतलं.

ठप्प झालं आणि त्याच क्षणी किसूच्या डोक्यात प्रकाश पडला.

बाहेरची हँडलं निकलला. आतलं हँडल होतं, पण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याने खेचून पाहिलं, ते लुळं पडल्यासारखं हललं. काचा वर चढलेल्या आणि त्या फिरवायची हँडलंही निकलला. पकडीने काच फिरली असती, पण पक्कड शेडच्या फळीवर. पुढच्या दारांच्या तिकोनी काचा तेवढ्या उघड्या होत्या. त्यांतून वारा येत होता आणि हात कोपरापर्यंत बाहेर जात होता, पण कुलूप राहिलं दाराच्या दुसऱ्या टोकाला. बाहेरून उघडणं सोपं होतं. हँडलाच्या रिकाम्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून खटका दाबायचा, इतके दिवस तो तेच करत आला होता. त्यासाठी बाहेर कुणीतरी हवं एवढंच.

बाहेर कुणी नव्हतं. मालू हळदीचं सामान आणायला पनवेलच्या बाजारात गेली होती आणि सगळी गल्ली कमळाकरच्या अंगणात. किसूने हॉर्न दाबला. बॅटरी चार्जिंगला दिली होती. त्याने बोंब ठोकली, आणि तिकडे डीजेवाल्याने नेमकी तेव्हाच आवाजाची चाचणी सुरू केली. शेडचे पत्रे थडथडायला लागले. मग बॉनेटवर ठेवलेला त्याचा फोन वाजू लागला. काचेपलीकडे, डोळ्यांसमोर. पडद्यावर दादा असं नाव उमटत होतं, विझत होतं, पुन्हा उमटत होतं. शिरढोणच्या बाईंना आज काय ते कळवायचं होतं, त्याचसाठी असणार.

किसूच्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. त्याने काचेवर थापा मारल्या, दाराला खांदा दिला, सीटवर गुडघा टेकून मागे पाहिलं, पुढे पाहिलं. आणि शेवटी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून आपल्याच दाराच्या नव्या पॅडखाली त्याचं टोक घातलं. एक हिसका दिला की बोर्ड फाटणार होता, पण आतली सळी हाताला लागणार होती आणि तो बाहेर पडणार होता. कडेचं रेक्झिन ताणलं गेलं. एक क्लिप करकरली.

"डायवर," मागून आवाज आला, "काय करतंस?"

"दार उघडतो आये. अडकलंय."

"नवीन हाय ना ते? मंग फाडतंस कशाला?" गुणाबाई आपल्या दाराच्या पॅडवरून तळवा फिरवत होती. "फाटक पडलंय ना? गाडी गेली का उघडंल आपसूक."

किसूने वळून पाहिलं. आई डाव्या दाराला टेकून, पदर सावरून बसली होती, लग्नाला निघाल्यासारखी. तिला सांगावं, अगं ती फाटकं केव्हाच गेली, तिथं आता पूल झाले, आपण घराशेजारी शेडमध्ये आहोत. तो तोंड उघडणारही होता. पण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान त्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं तर त्याने तिच्या चेहऱ्याकडेच पाहिलं नव्हतं.

"हो आये," तो म्हणाला. "फाटक पडलंय."

"मंग गप बस ना. लय चुळबुळ तुजी."

त्याने स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला. "लगीन कुनाचं हाय, आये?" त्याने जपून विचारलं.

"आता बग! अंकीचं नाय काय? तुलाच म्हाईत नाय तर नेतंस कुठं मला?"

किसूला हसू फुटलं आणि थोडा धीरही आला. गुणाबाईने डोळे मिटले आणि सूर लावला. आवाज बारीक झाला होता, मध्येच चिरत होता, पण ताल जागच्या जागी होता, बोटांनी ती तो नव्या पॅडवर धरत होती. मांडवाचा धवला होता. त्यात प्रत्येक वस्तूला एक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला एक नाव.

"मांडवाला मेढी गो कुनी आनल्या? मेढी आनल्या कमळाकर बापानं..."

मेढी म्हणजे मांडवाचे खांब झाले, मग तोरण आलं, मग चौक, आणि चौकाच्या पुढे ती अडखळली. बोटं ताल धरून राहिली आणि शब्द येईनात. किसू आरशात तिच्याकडे बघत होता. त्याच्याने तो थांबा सोसवेना, आणि कुणी विचारलेलं नसताना पुढची ओळ त्याच्या तोंडून बाहेर पडली. तो स्वतःच चमकला. ही ओळ त्याने कधी शिकली नव्हती. कित्येक मांडवांबाहेर गाडी पुसताना ती कानावर पडत गेली होती.

"हां," डोळे न उघडता गुणाबाई म्हणाली, जणू ओळ द्यायचं काम त्याचंच होतं, आणि गाणं पुढे गेलं. पुन्हा अडकली, पुन्हा त्याने दिली. डीजे कधी थांबला, फोन कधी गप्प झाला, त्याला कळलं नाही. किसू डायवर चक्क एका जागी बसला होता.

मग उंबराच्या डहाळीची ओळ आली. मांडवात उंबराची डहाळी आणायचा मान नवरीच्या काकाचा.

"मांडवाला डाहाळी गो कुनी आनली? डाहाळी आनली..."

गुणाबाई थांबली. इथे ओळ द्यायची नव्हती, फक्त एक नाव द्यायचं होतं. आठवेल, तिला वेळ द्यावा, असं किसू स्वतःला बजावत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कशाचीतरी वाट पाहिली. तिने डोळे उघडले आणि आरशातून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"कमळ्याला एक भाऊस हाय ना रं?"

"हाय," किसू म्हणाला.

"काय बाय त्याचं नाव... माज्या तोंडात हाय. जागेवर नसतो बग तो. सारखा पळत असतो."

म्हणजे मस्करी नव्हती. मालू सांगत होती तेच खरं होतं, आणि तो उंबऱ्यात उभा राहून वर्षभर स्वतःला फसवत आला होता. नाव सांगायला कितीसा वेळ लागतो? पण आपल्या जन्मदातीला आपलं नाव आपणच सांगायचं, म्हणजे ते तिच्यापाशी उरलं नाही हे मान्य करायचं. गुणाबाईने थोडी वाट पाहिली आणि नावाच्या जागी नुसता हुंकार भरून ती मामाच्या ओळीकडे गेली. किसूने पुढे तोंड करून स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तो रडला, मोठ्या माणसाने रडू नये असं.

मालू पिशव्या घेऊन आली तेव्हा बंद गाडीत सासू गात होती आणि नवरा पुढे बसला होता. तिला आधी वाटलं, याला काही झालं की काय.

"अवो! काय चाललंय तुमचं?"

किसूने तिकोनी काचेतून स्क्रूड्रायव्हर बाहेर दिला. "हँडलच्या भोकात घाल. खटका वर दाब." मालूने दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर दाबला आणि दार उघडलं.

"उतरा ना आता," ती म्हणाली, कारण तो उतरत नव्हता.

"थांब. आईसचं गानं संपू दे."

मालूने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. पिशव्या खाली ठेवून ती दार धरून उभी राहिली, ते पुन्हा लागू नये म्हणून.

संध्याकाळी कमळाकर स्वतःच आला. "फोन का उचलत नाय रं? शिरढोणच्या बायला काय सांगू?"

"दादा, आईस इसरते," किसू म्हणाला. "ओळी इसरते. नावं पन."

कमळाकर ओट्यावर टेकला. त्यालाही ते आत कुठेतरी माहीत असणार. "मंग मी फोन करतो त्यांना," तो म्हणाला.

"नको. गानं सगळं मला येतंय. मी बाजूला बसतो, ती थांबली का मी सांगीन. हळू सांगीन, कुनाला कळनार नाय."

"बायकांत? धवलारनीच्या बाजूला बाप्या?"

"हां."

"आन सगळं होईपरत? बसनार तू?" कमळाकरला हसू आलं होतं, पण भावाचा चेहरा पाहून ते ओठांतच राहिलं. "कुनाची नावं इसरते ती?"

किसू खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पुसायला लागला. कमळाकरने हातातला फोन खिशात घातला आणि जाता जाता भावाच्या पाठीवर हात ठेवला, जे त्याने बाप गेल्यानंतर केलं नव्हतं.

हितेशकडून क्लिपा आणून किसूने फक्त आईच्या बाजूचं पॅड काढलं. उदयसिंह म्हणाला होता तसा बोर्ड दोन जागी फाटलाच. त्याने सळी जोडली, दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, पुन्हा उघडून पाहिलं. बाकीची तीन दारं करायची होती, फाटलेलं पॅड चिकटवून बसवायचं होतं, बॅटरी जोडायची होती. बॅटरी त्याने जोडली. पॅड भिंतीला टेकवून ठेवलं आणि हात धुऊन आईच्या खोलीत गेला. उंबरा ओलांडून आत गेला आणि तिच्या खाटेशी जमिनीवर बसला. "आये," म्हणाला, "उद्याचं मला एकदा म्हनून दाखव."

सकाळी तो उंबराची डहाळी घेऊन आला आणि मग फियाट काढली. घरापासून कमळाकरच्या मांडवापर्यंतचं अंतर पायी जाण्याइतकंच, पण त्याने गाडी पूर्ण गल्लीतून फिरवून आणली. गाडी लखलखत होती. तीन दारं आतून डाळिंबी आणि चौथं उघडंबोडकं, पत्रा आणि सळी दाखवणारं. निकेश नावाचा एक टवाळ पुतण्या ओरडलाच, "काका, एक दार इसरलास काय?" किसूने हात हलवून त्याला उडवून लावलं, उघड्या काचेतून हात बाहेर काढून स्क्रूड्रायव्हरने आपलं दार उघडलं आणि आईला उतरवून घेतलं.

तो गुणाबाईच्या शेजारी चटईवर बसला तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीने तर मालूला विचारलं की याला दोरीने बांधलंय काय. किसूचे गुडघे शिवशिवत होते. पाण्याचा टँकर वाकडा लावलेला त्याला दिसत होता. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "किसू, खुर्च्यांचा टेम्पो आलाय!" त्याचं अर्धं अंग उठलं आणि अर्ध्याने त्याला खाली बसवलं. अंकिता पाटावर बसली होती. ती काकाकडे बघून हसली, त्याने तिला समोर बघायची खूण केली.

गुणाबाईने सूर लावला. मेढी आल्या, कमळाकर बापाचं नाव आलं. तोरण आलं. चौकाच्या पुढे ती अडखळली आणि किसूने ओठ न हलवल्यासारखं करत ओळ दिली. कुणाला कळलं नाही. कळलं असेल तर मागे बसलेल्या मालूला. अशी दोन-तीन ठिकाणं निभावली, आणि डहाळीची ओळ आली.

"मांडवाला डाहाळी गो कुनी आनली? डाहाळी आनली..."

गुणाबाई थांबली. बोटं गुडघ्यावर ताल धरून राहिली. एकदोघींनी माना वर केल्या. मोबाइल धरलेले हात तसेच होते. कमळाकर खांबाशी उभा राहून भावाकडे बघत होता. काल किसूने कुणाचं नाव सांगायचं टाळलं होतं, ते त्याला आत्ता कळलं. किसू आईकडे झुकला.

"किसू," तो तिच्या कानात म्हणाला.

"डाहाळी आनली किसू काकानं!" गुणाबाईने नाव उचललं, खणखणीत, मांडवाबाहेर ऐकू जाईल असं, आणि मामाकडे, आत्याकडे, एकेकाचा मान देत गाणं शेवटाला नेलं. बायकांनी हळद-कुंकवाची गडबड सुरू केली, अंकिताने आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या गोंधळात गुणाबाईने शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डायवर," तिने हळूच विचारलं, "तो किसू आलाय काय रं? का पळाला?"

"आलाय, आये," किसू म्हणाला. "बसलाय."